वुंटच्या खोलीत घड्याळ कुठून आलं

टीईटीचं गाइड उघडा, बी.एड.च्या नोट्स उघडा, नाहीतर नेट-सेटचे जुने पेपर काढा, हा प्रश्न सापडणार म्हणजे सापडणारच: जगातली पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा कोणी, कुठे आणि कधी सुरू केली? विल्हेल्म वुंट, जर्मनीतलं लाइपझिग, १८७९. झाला एक मार्क. मी मानसशास्त्र घेऊन बीए केलंय त्यामुळे हे उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल, पण त्या खोलीत ही माणसं दिवसभर करायची काय, कोण कोणावर प्रयोग करायचं, आणि मुळात मनाचा अभ्यास करायला घड्याळच का लागलं, यातलं काहीच त्या एका ओळीत नाही. गंमत सगळी तिथेच आहे. हल्ली यावर बरंच वाचन झालंय आणि घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो.

मला विचाराल तर ही गोष्ट वुंटपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते त्याच्या जन्माच्या छत्तीस वर्षं आधी, लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत, आणि तीही कोणाची तरी नोकरी गेली म्हणून.

तिथे नेव्हिल मॅस्केलिन नावाचे मोठे साहेब होते, राजाचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा सहाय्यक. काम काय, तर एखादा तारा दुर्बिणीतल्या उभ्या धाग्यावरून नेमका कधी सरकला ती वेळ लिहायची. आता हे ऐकायला सोपं वाटतं पण पद्धत बघा. शेजारी लंबकाचं घड्याळ टकटक करतंय, तुम्ही डोळा दुर्बिणीला लावून कानाने ठोके मोजताय. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे किती होता ते लक्षात ठेवायचं, पुढच्या ठोक्याला पलीकडे किती गेला ते बघायचं, आणि दोन अंतरांच्या प्रमाणावरून मनातल्या मनात ठरवायचं की धागा ओलांडला तेव्हा सेकंदाचा कितवा दशांश चालू होता. डोळ्याने एक, कानाने दुसरं, आणि दोघांची बेरीज डोक्यात. ही पद्धत तेव्हा इतकी पक्की मानली जायची की चांगल्या निरीक्षकाची चूक एक-दोन दशांशाच्या वर जाणारच नाही असा सगळ्यांचा समज होता.

१७९५ च्या ऑगस्टमध्ये मॅस्केलिनच्या लक्षात आलं की किनब्रुकच्या वेळा आपल्यापेक्षा अर्धा सेकंद उशिराच्या येतायत. समज दिली. त्या पोराने प्रयत्नही केला असणार, पण जानेवारी १७९६ पर्यंत फरक कमी व्हायच्या ऐवजी ०.८ सेकंदांवर गेला. मग साहेबांनी त्याला काढून टाकलं. ०.८ सेकंदासाठी नोकरी, म्हणजे आपल्याला हसू येईल, पण विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण ४६५ मीटर सरकतो. ०.८ सेकंद म्हणजे पावणेचारशे मीटरचा घोळ, आणि याच वेळांवरून घड्याळं लावली जायची, नकाशे आणि जहाजांची गणितं व्हायची. त्यामुळे साहेबांचं डोकं फिरलं यात फार नवल नाही. नवल याचं आहे की 'चुकतोय तो किनब्रुक, मी नाही' हे त्यांनी गृहीतच धरलं. साहेब ते साहेब!

किनब्रुक १८०२ मध्ये वारला, तिशीतच. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कोनिग्सबर्गच्या बेसेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ही हकीकत वाचली आणि त्याला वेगळीच शंका आली, की चूक कोणा एकाची नसून माणसामाणसात फरकच असेल तर? १८२० च्या आसपास त्याने स्वतःची आणि इतर नावाजलेल्या निरीक्षकांची तुलना सुरू केली. सगळे मुरलेले लोक, आणि तरी काही जोड्यांत एक सेकंदापेक्षाही जास्त फरक निघाला, म्हणजे बिचाऱ्या किनब्रुकपेक्षा जास्त! शिवाय हा फरक कायम तेवढाच राहतो असंही नाही, हळूहळू बदलतो. खगोलवाल्यांनी याला, म्हणजे माणसागणिक वेळेत पडणाऱ्या या फरकाला, पर्सनल इक्वेशन असं भारदस्त नाव दिलं आणि कोणाच्या आकड्यात किती मिळवायचं, कोणाच्या आकड्यातून किती वजा करायचं याचे हिशेब मांडायला लागले. त्यांना मनाशी काही देणंघेणं नव्हतं हां, त्यांना तारे हवे होते आणि मध्ये माणूस कडमडत होता.

मग साहजिकच त्या मधल्या माणसाला मोजायला यंत्र आलं. माथेउस हिप नावाचा जर्मन घड्याळजी, जो पुढे स्वित्झर्लंडमध्ये नशातेलला स्थायिक झाला, त्याने १८४० च्या दशकात क्रोनोस्कोप तयार केला. या यंत्रावर माझा जरा जास्तच जीव आहे. वजनाच्या ओढीवर चालणारं घड्याळ, आत स्टीलची एक पातळ पट्टी, ती सेकंदाला हजार वेळा थरथरते आणि त्या थरथरीने चाकांचा वेग बांधून ठेवते. समोर दोन डायल, दोन्हीवर शंभर-शंभर घरं. एकाचा काटा सेकंदाला दहा फेऱ्या मारतो, म्हणजे त्याचं एक घर म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, आणि दुसऱ्याचा काटा दहा सेकंदांत एक फेरी. खरी करामत पुढे आहे: चाकं आधीच फुल स्पीडला फिरत असतात, काटे मात्र गप्प उभे. समोर उजेड पडला किंवा आवाज झाला की विजेचा प्रवाह बदलतो, इलेक्ट्रोमॅग्नेट काट्यांना फिरत्या चाकाला जोडतो, आणि समोरच्या माणसाने बटणावरचं बोट उचललं की काटे सुटतात आणि आहेत तिथे थांबतात. म्हणजे चाकांना वेग घ्यायला जो वेळ लागतो तो मोजणीत येतच नाही. १८४० च्या दशकात हे! नशातेलच्याच वेधशाळेतला अडॉल्फ हिर्श याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच क्रोनोस्कोप घेऊन बघणं, ऐकणं, स्पर्श यांना प्रतिसाद द्यायला किती वेळ लागतो ते मोजलं. तोही खगोलशास्त्रज्ञच.

तिकडे शरीरवाल्यांची वेगळी वाट चालली होती. योहानेस म्युलर हे तेव्हाचे सगळ्यात मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आणि त्यांचं मत असं की मज्जातंतूतून संदेश इतका झटकन जातो की त्याचा वेग मोजायचा नादच सोडा. १८५० मध्ये त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या तंगडीवर तो मोजून दाखवला. सेकंदाला साधारण २७ मीटर. वीज नाही, प्रकाश नाही, आपल्या हायवेवरच्या गाडीच्या वेगाचा प्रकार निघाला. म्हणजे जाणवणं आणि हलणं याच्या मध्ये खरोखरचा, मोजता येईल असा वेळ जातो. एकदा हे कळल्यावर पुढचा प्रश्न कोणालाही सुचेल, की त्या मधल्या वेळात मन काय करत असतं?

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डाँडर्स नावाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याला जी युक्ती लढवली ती मला आजही भन्नाट वाटते. पिशवीसकट भाजीचं वजन करायचं आणि मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं, बस तेवढंच. पायाला हलका शॉक द्यायचा. कोणत्या पायाला देणार हे आधी सांगितलं असेल तर माणूस त्या बाजूचा हात लगेच हलवतो. सांगितलं नसेल तर आधी कोणता पाय ते ओळखायचं, मग कोणता हात ते ठरवायचं, आणि मग हलवायचा. दोन वेळांतला फरक आला सेकंदाचा पंधरावा भाग, म्हणजे तेवढा वेळ 'ओळखणं आणि ठरवणं' या कामाचा. हे १८६५ ते १८६८ मधलं काम. पुढे लोकांनी यावर बरीच टीका केली की मन असं तुकड्या-तुकड्यांत वजा होत नाही, एक पायरी वाढवली की बाकीच्या पायऱ्याही बदलतात, आणि ती टीका मला पटतेही. पण विचार करणं या प्रकारावर पहिल्यांदा आकडा चिकटवला तो या माणसाने.

आता येतो वुंट. हा हेल्महोल्ट्झकडेच हायडेलबर्गला १८५८ पासून सहाय्यक होता. १८६१ मध्ये त्याने एका लंबकाच्या घड्याळाशी खटपट करून एक उपकरण बनवलं: लंबक एका स्केलवरून झुलतोय आणि ठराविक जागी आला की घंटा वाजते. बघणाऱ्याने सांगायचं, घंटा वाजली तेव्हा लंबक कुठे होता. आणि माणूस नेहमी जरा चुकीची जागा सांगतो! कारण आवाज आणि दृश्य या दोन्हीकडे एकाच क्षणी लक्ष देता येत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो, वुंटच्या हिशेबाने साधारण सेकंदाचा आठवा भाग. ओळखीचं वाटतंय ना? कानाने ठोका, डोळ्याने जागा. हे किनब्रुकचंच दुखणं आहे, फक्त ताऱ्याच्या ऐवजी लंबक. ग्रीनिचला जी चूक म्हणून माणसाला हाकलायला कारण झाली, तीच वुंटने अभ्यासाचा विषय म्हणून टेबलावर घेतली. माझ्या मते मानसशास्त्राची प्रयोगशाळा इथे सुरू झाली, १८७९ ला फक्त तिला खोली मिळाली.

आणि खोली तरी कसली. वुंट १८७५ ला लाइपझिगला आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची उपकरणं होती, लेक्चरमध्ये दाखवायची. ती ठेवायला जागा मागितली म्हणून विद्यापीठाच्या कोन्विक्ट नावाच्या जुन्या इमारतीत १८७६ मध्ये एक खोली मिळाली. स्टोअर रूमच म्हणा. १८७९ च्या हिवाळी सत्रात त्या खोलीत विद्यार्थी स्वतःच्या संशोधनासाठी प्रयोग करायला लागले, आणि हीच ती जगप्रसिद्ध तारीख. ना फीत कापली, ना पाटी लावली. विद्यापीठाने तिला सरकारी मान्यता दिली १८८३ मध्ये, तेही ब्रेस्लाऊ विद्यापीठाने वुंटला बोलावणं धाडलं म्हणून. हा जातोय की काय म्हटल्यावर लाइपझिगवाल्यांनी पगारही वाढवला आणि जागाही दिली. दुसरीकडची ऑफर दाखवली की इन्क्रिमेंट मिळतं, हे तेव्हापासूनचं आहे. त्याच सुमारास त्याने प्रयोगांचे निष्कर्ष छापायला जर्नल काढलं आणि त्याला नाव दिलं 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास' अशा अर्थाचं, कारण मन-मानसवाल्या नावाचं एक मासिक लाइपझिगमध्ये आधीच निघत होतं आणि ते भुताखेतांना, आत्म्यांना बोलावणाऱ्यांचं होतं.

त्या खोलीत डॉक्टरेटसाठी झालेला पहिला अभ्यास माक्स फ्रीडरिश नावाच्या विद्यार्थ्याचा. समोर एक आकडा दिसणार, एक अंकी, दोन अंकी, असं करत सहा अंकांपर्यंत. नुसता 'काहीतरी दिसलं' याला किती वेळ आणि 'हा अमुक आकडा आहे' हे नीट ओळखायला किती वेळ, यातला फरक काढायचा. डाँडर्सचीच वजाबाकी. पण मी ज्यासाठी ही सगळी पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट आता येते. हे आकडे बघत बसणारी माणसं कोण होती? स्वतः फ्रीडरिश. अमेरिकेतून आलेला स्टॅन्ली हॉल, जो तेव्हा डॉक्टरेट झालेला होता. आणि खुद्द प्रोफेसर वुंट! सत्तेचाळीस वर्षांचा, नावाजलेला, जाडजूड ग्रंथ लिहिलेला माणूस आपल्याच विद्यार्थ्यासमोर बटणावर बोट ठेवून बसायचा आणि विद्यार्थी त्याचे वेळ लिहून घ्यायचा.

आज मानसशास्त्राचा प्रयोग म्हटला की आपल्या डोळ्यासमोर येतो पांढरा कोट घातलेला हुशार माणूस आणि समोर काहीच माहीत नसलेला सामान्य माणूस. लाइपझिगला उलट होतं. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो सगळ्यात जाणता हवा, सरावाचा हवा, कारण स्वतःच्या अनुभवाकडे बघणं हे कसबाचं काम आहे असं त्यांचं म्हणणं. यंत्र सांभाळणारा एक वेळ ज्युनिअर चालेल. आणि जागा सारख्या बदलायच्या, आज तू यंत्रापाशी आणि मी बटणापाशी, उद्या उलट.

आमच्या प्रॅक्टिकलला पण असंच होतं की! जोड्या लावायचे, एक प्रयोगकर्ता, एक प्रयुक्त (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो), आणि पुढच्या प्रयोगाला अदलाबदल. आरशात बघून चांदणी गिरवायची, मेमरी ड्रमवर निरर्थक शब्द पाठ करायचे, म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाची पट्टी सरकवत बसायचं, आणि जर्नलमध्ये शेवटी 'प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवाल', म्हणजे प्रयोगात स्वतःला आत काय जाणवलं ते, असं ठळक हेडिंग. त्याखाली अख्ख्या बॅचचं एकच वाक्य, 'सुरुवातीला थोडं दडपण आलं पण नंतर मजा वाटली', सीनिअरच्या जर्नलवरून उतरवलेलं. एक्स्टर्नल ते वाचायचे पण नाहीत, डायरेक्ट सही. तेव्हा मला ते हेडिंग म्हणजे नुसती कटकट वाटायची. ते कुठून आलंय हे माहीत असतं तर कदाचित दोन वाक्यं स्वतःची लिहिली असती, कदाचित! अर्थात वुंटला मजा वाटली की दडपण आलं असल्या गप्पा नकोच असायच्या. त्याला हवं होतं छोटं उत्तर: दिसलं की नाही, आधी हे की आधी ते, हे मोठं की ते. लांबलचक आत्मनिवेदनं लिहून घेण्याचं प्रस्थ नंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वाढलं, टिचनरमुळे, आणि तो वुंटचाच विद्यार्थी असल्याने खापर गुरूवर फुटलं.

यंत्राचा त्रास तर विचारू नका. क्रोनोस्कोप हजारावा भाग दाखवतो खरं, पण बॅटरीचा प्रवाह जरा कमी-जास्त झाला की इलेक्ट्रोमॅग्नेट काटे पकडायला आणि सोडायला मागेपुढे करतो, आणि मग तो हजारावा भाग कशाचा, माणसाचा की चुंबकाचा, कोण सांगणार. म्हणून पडायला किती वेळ लागतो हे आधीच ठाऊक असलेला एक हातोडा असायचा, तो पाडून बघायचा, घड्याळ तेवढाच आकडा दाखवतंय का, नसेल तर प्रवाह जुळवून घ्यायचा. वर क्रोनोस्कोपमधली ती स्टीलची पट्टी चालू असली की गुणगुणते, त्या आवाजाने समोरच्याचं लक्ष जातं. मग पुढे जागा मिळाल्यावर यंत्र एका खोलीत, माणूस दुसऱ्या खोलीत, मध्ये वायर आणि इशारे. म्हणजे शोधायचं मन, आणि दिवसाचा बराचसा वेळ बॅटऱ्यांच्या मागे.

या सगळ्यात १८८३ ला टपकला जेम्स मकीन कॅटेल, अमेरिकन, वय तेवीस. हा लाइपझिगला येण्याआधी बाल्टिमोरला हशीश, दारू, कॉफी असं काय काय घेऊन स्वतःवर त्याचे परिणाम टिपून ठेवत होता. त्याची प्रसिद्ध कथा अशी की त्याने वुंटला सरळ जाऊन सांगितलं, प्रोफेसर, तुम्हाला एक असिस्टंट लागणार आहे आणि तो मी असणार आहे. वुंट म्हणाला म्हणे, हे अगदी अमेरिकनच! आणि ठेवून घेतलं. कॅटेलला मनाच्या आत डोकावण्यात फारसा रस नव्हता, त्याला आकडे हवे होते, चोख आकडे. वुंटने दिलेला विषय त्याला पटेना, मग त्याने स्वतःच्या भाड्याच्या खोलीत उपकरणं मांडून एका मित्राबरोबर प्रयोग चालू केले. एकमेकांवरच, अर्थात. त्यातून निघालेली एक गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे: एक सुटं अक्षर वाचायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात आपण अख्खा छोटा शब्द वाचतो. आणि 'लाल' हा शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा लाल रंगाचा ठिपका बघून 'लाल' म्हणायला जास्त वेळ लागतो. शब्द वाचणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते आपोआप होतं, रंगाला मात्र नाव शोधावं लागतं. १८८६ मध्ये त्याने हे छापलं.

एक आणखी नमुना सांगतो आणि मग पुढे जातो. १८८८ मध्ये लुडविग लांगे याने दाखवलं की आवाज येण्याकडे लक्ष ठेवून बसलात तर वेळ एक येतो, आणि बोट उचलण्याकडे लक्ष ठेवून बसलात तर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाने कमी येतो. यंत्र तेच, माणूस तोच, आवाज तोच, फक्त लक्ष कुठे ठेवलं एवढाच फरक. किनब्रुक आणि मॅस्केलिनमधलं भांडण थोडंफार असंच काहीतरी असणार, असं मला वाटतं, पण ते आता कोण सिद्ध करणार.

अमेरिकेत विल्यम जेम्सने हार्वर्डला १८७५ मध्येच एका छोट्या खोलीत काही उपकरणं मांडली होती, विद्यार्थ्यांना दाखवण्यापुरती, म्हणून काही लोक 'पहिला' हा मान त्याला देतात. मला तो वाद निरर्थक वाटतो, जेम्सला स्वतःलाच या यंत्रबाजीचा कंटाळा होता. १८९० च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने लिहिलंय की ज्या देशातल्या लोकांना कंटाळा येऊ शकतो अशा देशात ही पद्धत जन्मालाच आली नसती, आणि वेबर, फेख्नर, वुंट यांच्यासारख्या जर्मनांना तो येत नाही हे उघड आहे. खोचक माणूस! फेख्नर तर खरंच वजनं उचलून हजारो वेळा 'हे जड की ते जड' करत बसला होता. पण जेम्सने शेवटी १८९२ मध्ये प्रयोगशाळा चालवायला माणूस आणला तो वुंटच्याच तालमीतला, ह्युगो म्युन्स्टरबर्ग.

त्या हार्वर्डच्या प्रयोगशाळेत मेरी कॅल्किन्स काम करायची. तिने आधीच, १८९१ मध्ये, वेल्स्लीला मुलींच्या कॉलेजात स्वतः प्रयोगशाळा सुरू केली होती. जोडीने शब्द किंवा आकडे दाखवायचे आणि नंतर एक दाखवून दुसरा आठवायला सांगायचा, हा जो प्रयोग आपल्याकडे आजही प्रॅक्टिकलला असतो, ती पद्धत तिची. १८९५ ला तिची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली, परीक्षक खूश, म्युन्स्टरबर्गने तिची जोरदार शिफारस केली, आणि हार्वर्डने डिग्री द्यायला नकार दिला कारण ती बाई होती. नंतर रॅडक्लिफ या बायकांच्या कॉलेजची डिग्री देऊ केली तर तिने ती घेतली नाही. १९०५ मध्ये ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची अध्यक्ष झाली, पहिली स्त्री अध्यक्ष. डिग्री नाहीच. हे गाइडमध्ये का येत नाही कोण जाणे, यावर तरी दोन मार्कांचा प्रश्न काढा की.

आणि खुर्च्यांची ती अदलाबदल बंद कशी पडली? माझ्या मते लंडनमुळे. १८८४ च्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टनने एक मोजमाप केंद्र उघडलं. तीन पेन्स द्या, एका बाजूने आत या, उंची, वजन, पकड, फुप्फुसाचा जोर, नजर, कान, ठोशाचा वेग, सगळं मोजून घ्या, कार्ड घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर. ९,३३७ लोक मोजून गेले, तेही स्वतःचे पैसे भरून! इथे बसणाऱ्याला काही कसब लागत नाही, त्याच्या अनुभवाशी कोणाला घेणं नाही, तो एक आकडा. लाइपझिगनंतर कॅटेल इंग्लंडला गेला, गॉल्टनला भेटला आणि त्याच्याच विचारांचा झाला. १८९० मध्ये त्याने 'मेंटल टेस्ट' हा शब्दप्रयोग आणला आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांना रांगेत उभं करून चाचण्या सुरू केल्या, या आशेने की झटपट प्रतिक्रिया देणारा मुलगा हुशार निघेल. १९०१ मध्ये त्याच्याच विद्यार्थ्याने, क्लार्क विस्लरने, सगळे आकडे मांडून हिशेब केला तर प्रतिक्रियेचा वेळ आणि कॉलेजचे मार्क यांचा संबंध जवळपास शून्य! चाचण्या बदलल्या, रांग मात्र गेली नाही.

आपल्याकडे हे सगळं पोचलं कलकत्त्याला. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ मध्येच अभ्यासक्रम तयार केला होता, आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता, हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकून आलेले. म्हणजे वुंट, म्युन्स्टरबर्ग, सेनगुप्ता अशी सरळ गुरु-शिष्य परंपरा लागते. पुण्यात विद्यापीठाचा विभाग १९५० साली कोठुरकर सरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, त्याच्याही नावात प्रायोगिक होतंच. यंत्रांचा प्रवास असाच. लाइपझिगमध्ये एमिल झिमरमान नावाचा कारागीर १८८७ पासून या प्रयोगशाळांसाठी उपकरणं बनवायचा, त्याचे कॅटलॉग जगभर जायचे, आणि नवी प्रयोगशाळा काढायची म्हणजे आधी त्याच्याकडे ऑर्डर द्यायची असा तो काळ.

वुंट स्वतः मात्र म्हातारपणी प्रयोगशाळेपासून बराच दूर गेला होता. त्याचं म्हणणं पहिल्यापासून असं, की संवेदना, लक्ष, प्रतिक्रिया इतपत ठीक, पण भाषा, पुराणकथा, चालीरीती हे घड्याळाने मोजता येणार नाही, त्यासाठी माणसांच्या समूहाचा इतिहास बघावा लागतो. त्यावर त्याने १९०० ते १९२० मध्ये दहा खंड लिहिले. (बोरिंग नावाच्या इतिहासकाराने हिशेब केलाय की वुंटने आयुष्यात ५३,७३५ पानं लिहिली, रोजची सरासरी २.२. लोकांना काय काय मोजावंसं वाटतं बघा.) ते दहा खंड आमच्या सिलॅबसमध्ये एका वाक्यात होते, बहुतेक ठिकाणी अजून तेवढेच असतील. आणि लाइपझिगची ती संस्था ४ डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, तेव्हा तिथे जाऊन बघू म्हणाल तर फार काही हाती लागणार नाही.

म्हणून माझी नजर आता आपल्याच जुन्या कॉलेजांवर आहे. कोणाच्या मानसशास्त्र विभागातल्या कपाटात, मेमरी ड्रमच्या मागे, दोन डायलचा, पितळी, वजनाची दोरी लोंबणारा डबा धूळ खात पडला असेल, तर भंगारात जायच्या आधी त्याचा फोटो मला पाठवा. डायलवर मेकरचं नाव असतं, ते वाचता येईल असा काढा.